चिलापीच्या घरातली मुलगी आणि माशांची वंशावळ

पत्र : ताई, मी उजनीच्या काठच्या गावातली. वडील आणि चुलते धरणात जाळं टाकतात, मासा भिगवणच्या बाजारात जातो. मी मत्स्यविज्ञान पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनुवंशशास्त्राचा पेपर झाला तेव्हापासून दुसरं काही डोक्यात येत नाही. मला माशांच्या जनुकांवर काम करायचंय, जमलं तर क्रिस्परवर, म्हणजे जनुकात हवा तिथे बदल करण्याच्या तंत्रावर. सर म्हणतात, वर्सोव्याला एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी कर. वडील म्हणतात, एमपीएससी दे, अधिकारी हो. आई विचारते, अजून किती वर्षं? संख्याशास्त्रात मला जेमतेम पासापुरते मार्क आहेत. आणि खरं सांगायचं तर मलाच भीती वाटते, की एवढं शिकून मी कुठल्या तरी लॅबमध्ये बसेन आणि आमच्या धरणाला त्याचा काही उपयोग होणार नाही. काय करू?

उत्तर :

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. तो कशाचा, ते आधी सांगते. या विषयात येणारी बहुतेक मुलं जनुकापासून सुरुवात करतात आणि माशापर्यंत पोचायला त्यांना पाच-सहा वर्षं लागतात. तुझ्या घरात मासा आधीपासून आहे. अंगणात जाळं वाळत असतं, चिलापीचा भाव काय चाललाय ते तुला न विचारता कळतं. ही शिदोरी किती मोठी आहे याची तुला अजून कल्पना नाही.

चिलापीपासूनच, म्हणजे तिलापियापासून सुरू करू. तिलापिया भारतात पहिल्यांदा आणला तो १९५२ मध्ये. लवकर वयात येणारा, तळ्यात आपसूक पिल्लं घालणारा, आणि गर्दी झाली की खुरटणारा मासा. आशियात बऱ्याच ठिकाणी हीच रड होती. पिल्लं भरमसाट, पण ताटात घ्यावा असा मासा होईना. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये नाइल तिलापिया सुधारण्याचं काम सुरू झालं, तेच आज ‘गिफ्ट’ म्हणून ओळखलं जातं. त्या लोकांनी इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल इथून रानटी मासे आणले, आणि इस्रायल, सिंगापूर, तैवान, थायलंड इथल्या शेततळ्यांत पाळले जाणारे चार वाण घेतले. सगळे शेजारीशेजारी वाढवले, मोजले. घानाचा अपवाद सोडला, तर आफ्रिकेतून थेट आणलेला मासा आशियातल्या पाळीव माशाच्या तोडीस तोड किंवा त्याहून सरस वाढला. एवढी वर्षं पाळून, जपून आपण मासा सुधारला नव्हता. उलट मूठभर माशांची तीच ती भावंडं आपसात लावून तो कमकुवत केला होता.

मग त्यांनी सगळ्यांचं मिश्रण करून दर पिढीला उत्तम कुटुंबांतले उत्तम मासे पुढच्या पैदाशीला ठेवायला सुरुवात केली. दर पिढीला वाढीत १२ ते १७ टक्क्यांची भर पडत गेली. यात जनुकं कापणं नव्हतं, जोडणं नव्हतं. तळी होती, हापे म्हणजे तळ्यात बांधलेली जाळीची खोकी होती, तराजू होता आणि कोण कोणाचं पिल्लू हे लिहून ठेवणारी वही होती.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या वहीत आहे. मत्स्यपैदाशीचं अनुवंशशास्त्र हे मुळात वंशावळ राखण्याचं काम आहे. लॅब त्या वहीच्या मदतीला येते. तुला हे काम जमेल का, हे तू पिपेट किती सफाईने धरतेस त्यावर ठरणार नाही. पावसात, चिखलात, रात्री दोन वाजता चारशेव्या माशाचा नंबर तू तितक्याच काळजीने लिहितेस का, त्यावर ठरेल.

आपल्याकडचं मोठं उदाहरण रोहूचं. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे ‘सीफा’ने, १९९२ पासून नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर हे काम हाती घेतलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतला रोहू गोळा केला, संस्थेच्या तळ्यातला त्यात मिळवला. त्यातून निवडत निवडत जो वाण आला तो ‘जयंती’. वाढीत दर पिढीला साधारण १७ टक्के सुधारणा. आता हिशेब कर. रोहूला वयात यायला दोन वर्षं लागतात, आणि तो विणतो पावसाळ्यात. म्हणजे दहा वर्षांत चार-पाच पिढ्या. जूनमधली एक चूक सुधारायची, तर पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागतं. आईला ‘अजून किती वर्षं’चं उत्तर देताना हेही सांग. या विषयात वर्षं पदवीच्या आधी लागतात, आणि नंतरही लागतात.

माशाला टॅग, म्हणजे ओळखीचा नंबर, लावण्याचा दिवस कसा असतो ते तुला जवळून सांगते, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. प्रत्येक कुटुंबाची पिल्लं वेगळ्या हाप्यात किंवा वेगळ्या छोट्या तळ्यात वाढवलेली असतात. मिसळली तर कोण कोणाचं ते ओळखायला काही खूण नसते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, दहा-पंधरा ग्रॅमची झाली की तिला गुंगीच्या पाण्यात सोडायचं. आम्ही लवंगतेल वापरायचो. संध्याकाळी जेवायला बसलं तरी हाताचा लवंगेचा वास जात नसे. मासा कलंडला की उचलायचा आणि जाड सुईने पोटाच्या पोकळीत तांदळाच्या दाण्याएवढी, आत नंबराची चिप असलेली काचेची कुपी सारायची. रीडर वरून फिरवला की टुक् असा आवाज येतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. वजन, लांबी, परातून नखाएवढा तुकडा अल्कोहोलच्या नळीत. मग मासा स्वच्छ पाण्यात. तो शेपूट हलवून सरळ होईपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नाही. एका माशाला मिनिटभर. दिवसाला काही शे मासे, आणि असे कित्येक दिवस. तिसऱ्या दिवशी मान दुखते. पाचव्या दिवशी कोणी तरी ३ चा ८ लिहितं.

माझ्याकडून झालेली चूकही सांगते. शिकाऊ असताना मी एका पैदास प्रकल्पावर होते. एका रात्री वादळी पाऊस झाला आणि दोन हाप्यांमधल्या जाळीची गाठ सुटली. सकाळी दोन कुटुंबांची पिल्लं एकत्र. मी घाबरले. अंदाजाने अर्धी इकडे, अर्धी तिकडे टाकून वरिष्ठांना काहीच सांगू नये, असं मनात आलं. जाळं ओढायला असलेले काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “ताई, ही दोन्ही घरं आता गेली. वहीत तसंच लिहा.” मी तसंच लिहिलं. दोन्ही कुटुंबं वगळली, त्या वर्षीचं माझं विश्लेषण लंगडं झालं, आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण ती पिल्लं मी अंदाजाने वाटली असती, तर चुकीचे नर-माद्या पुढच्या पिढीचे आईबाप झाले असते आणि ते कुणाला कधी कळलंही नसतं. त्या काकांचं शिक्षण चौथीपर्यंत. वंशावळ म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं, असं मी आजही मानते.

आता तुझी भीती. धरणाला, गावाला उपयोग काय?

तुझ्या भागात शेततळ्यात मासे सोडणाऱ्या कुणालाही विचार. “बोटुकली वाढतच नाही, बियाणंच खराब” हे वाक्य ऐकू येईलच. दर वेळी दोष बियाण्याचा नसतो. खाद्य कमी असतं, संख्या जास्त असते, पाणी आटतं. पण कित्येकदा दोष खरोखर बियाण्याचा असतो आणि तो कसा येतो हे तुला कागदावर मांडता येईल. समज, एका मत्स्यबीज केंद्रावर ५० माद्या आणि ५ नर वापरले. पाहणाऱ्याला ५५ प्रजनक, म्हणजे पैदाशीचे मासे, दिसतात. अनुवंशाच्या हिशेबात नर आणि माद्यांचा गुणाकार चौपट करून बेरजेने भागायचा. उत्तर येतं १८. म्हणजे त्या तळ्यात ५५ मासे पोहत असले, तरी पुढच्या पिढीच्या रक्ताच्या दृष्टीने ते १८ माशांइतकेच. एका पिढीत अंतःप्रजनन, म्हणजे रक्ताच्या नात्यातली पैदास, पावणेतीन टक्के वाढतं. त्याऐवजी २५ माद्या आणि २५ नर घेतले, म्हणजे पाच मासे कमीच पाळले, तर उत्तर ५० येतं आणि अंतःप्रजनन एका टक्क्यावर राहतं. खाद्याचा खर्च वाढला नाही, यंत्र आणावं लागलं नाही. फक्त नर मोजून घेतले.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. १९९० मध्ये कर्नाटकातल्या मत्स्यबीज केंद्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे वर्षाला २ पासून १७ टक्क्यांपर्यंत अंतःप्रजनन होत असावं, असा अंदाज निघाला. तो करणाऱ्या दोघांपैकी एक, अंबेकर एकनाथ, पुढे फिलिपिन्सच्या त्या गिफ्ट प्रकल्पात होते. म्हणजे ज्या माणसाने आपल्याकडच्या बीज केंद्रांची दुखणी मोजली, त्यानेच पुढे जगभर गेलेला वाण घडवायला हात लावला. माझ्या मते क्रमही तोच बरोबर आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की अर्ज भरण्याआधी एक पावसाळा मत्स्यबीज केंद्रावर काढ. भेट देऊन फोटो काढून परत यायचं नाही. राहायचं. माशांना विणण्यासाठी इंजेक्शन दिल्यापासून अंडी फुटेपर्यंत चायनीज हॅचरीच्या गोल टाकीशी रात्रभर बसायचं, मत्स्यजिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं, मोजायला शिकायचं. तुझ्या शेवटच्या वर्षात प्रत्यक्ष कामाचं सत्र असेलच, त्यासाठी हेच मागून घे. तिथे नर किती वापरतात, ते कुठून आणले, जुने प्रजनक शेवटचे कधी बदलले, हे लिहून काढ. हे सगळं करूनही ऑगस्टअखेर तुला हाच विषय हवा असेल, तर मग पुढचं वाच.

गणिताचं मी गोड बोलून सांगणार नाही. संख्याशास्त्र कच्चं ठेवून या विषयात येऊ नकोस. एखाद्या रोहूचं वजन जास्त का? काही खाद्यामुळे, काही तळ्यामुळे, काही जाळं ओढायला दोन आठवडे उशीर झाला म्हणून, आणि काही रक्तामुळे. यातला रक्ताचा वाटा वेगळा काढणं, हेच तर तुझं काम. त्यासाठी एका नराचं वीर्य दोन माद्यांच्या अंड्यांना देतात, म्हणजे सख्खी भावंडंही मिळतात आणि सावत्रही, आणि त्यांच्यातल्या साम्यावरून पैदासमूल्य, म्हणजे त्या माशाची पिल्लं किती सरस निघतील याचा अंदाज, काढता येतं. पासापुरते मार्क म्हणजे तुला हे कळणार नाही असा अर्थ मात्र होत नाही. बहुतेकांना संख्याशास्त्र नाण्याच्या आणि पत्त्यांच्या उदाहरणांनी शिकवलेलं असतं. स्वतः मोजलेल्या माशांवर ते शिकून बघ. ‘आर’ नावाची संगणक प्रणाली फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. रोज एक तास, सहा महिने.

आणि पशुपैदाशीची पुस्तकं वाच. नॉर्वेत १९७० च्या दशकात सालमन माशाची निवड पैदास सुरू झाली तेव्हा चाळीसेक नद्यांमधला मासा गोळा केला गेला. ते काम उभं करणारे हाराल्ड शेर्वोल्ड आणि ट्रिग्वे येद्रेम जनावरांच्या पैदाशीतून आलेले. येद्रेम मेंढ्यांवर काम करणारे. तुला तर मेंढ्यांसाठी नॉर्वेला जायचीही गरज नाही. फलटण तुझ्या गावापासून काही फार लांब नाही. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जनुक चाचणीने ओळखायचं आणि मेंढी मात्र माळावर धनगराच्या कळपात टिकली पाहिजे, ही दोन्ही टोकं तिथे एकत्र सांधली आहेत. रीतसर वेळ मागून एकदा जाऊन ये. वडिलांना बरोबर ने. अनुवंशशास्त्र म्हणजे काय, हे त्यांना तुझ्या बोलण्यापेक्षा तो कळप बघून लवकर कळेल.

क्रिस्परबद्दल. तंत्र शिक, जरूर शिक, पण त्याच्यावर आयुष्य पणाला लावून बसू नकोस. क्रिस्परच्या आधीच्या तंत्राने, लवकर वाढणारा जनुक-परिवर्तित सालमन कॅनडात १९८९ मध्ये तयार झाला. अमेरिकेत तो खाण्यासाठी मंजूर व्हायला २०१५ उजाडलं, आणि २०२४ अखेर कंपनीने त्याचं उत्पादनच थांबवलं. त्याच काळात साध्या निवडीने सालमन पिढी दर पिढी वाढत राहिला.

जनुकाच्या पातळीवरचं मला सर्वात आवडणारं काम वेगळंच आहे. सालमनच्या पिल्लांना स्वादुपिंडाचा एक विषाणूजन्य रोग व्हायचा, आयपीएन म्हणतात त्याला. पिल्लं थव्याने मरायची. २००८ च्या सुमाराला स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या गटांना दिसलं, की कोणती पिल्लं तगतात यातला बराचसा फरक एकाच गुणसूत्राच्या एका तुकड्यावर ठरतो. मग तो तुकडा असलेले आईबाप निवडून अंडी तयार होऊ लागली आणि नॉर्वेत त्या रोगाच्या साथी झपाट्याने कमी झाल्या. आता हे त्यांना सापडलं कसं? रोगाची लागण करून पाहिलेला मासा पैदाशीला परत घेता येत नाही. म्हणून भावंडांपैकी काही रोगाला सामोरी केली आणि काही सुरक्षित ठेवली. कोण कोणाचं भावंड, हे लिहिलेलं होतं म्हणून डीएनएच्या खुणांना अर्थ आला. पुन्हा वहीच.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण माहितीपत्रकं तुझ्याकडे असतीलच. सर बरोबर सांगतायत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासूनची, तिथे मत्स्य-अनुवंशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो. एम.एफ.एस्सी.ला दोन वर्षं, पीएच.डी.ला कागदावर तीन आणि प्रत्यक्षात बहुधा चार. विद्यावेतन मिळालं तर घरावर भार पडत नाही. ते मिळवण्याइतका अभ्यास करूनच जा, उधारीवर जाऊ नकोस. प्रबंधासाठी विषय निवडताना प्रत्यक्ष कुटुंबं पाळणारा प्रकल्प कुठे चालू आहे ते आधी बघ. रोहू-कटल्याला सीफा आहे, आपल्या पांढऱ्या कोळंबीवर चेन्नईच्या ‘सीबा’त, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेत, काम चालतं, गिफ्टची पैदास आंध्रात विजयवाड्याजवळ होते. नद्यांमधल्या माशांच्या जनुकीय विविधतेकडे मन ओढलं, तर लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था. परदेशाचं आत्ता मनात आणू नकोस. पीएच.डी.त असताना स्वतःची आकडेवारी हातात घेऊन गेलीस, तर तिथे शिकायला जास्त मिळेल.

नोकऱ्या मोजक्या आहेत. शास्त्रज्ञांच्या जागा थोड्या निघतात आणि विषयवार वाटल्या की आणखी थोड्या उरतात. व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीचा एवढा मोठा धंदा आपल्या पूर्व किनाऱ्यावर उभा आहे, पण तिचे प्रजनक २००९ पासून मुख्यतः परदेशातून येतात, म्हणजे पैदाशीचं खरं काम दुसरेच करतात. मला ही गोष्ट मनापासून खुपते. तुझ्या पिढीने ती बदलावी असं वाटतं, पण त्या आशेवर तू घर चालवावंस असं मी म्हणणार नाही.

म्हणून वडिलांचं म्हणणं मोडीत काढू नकोस. एमपीएससी दे. मत्स्यव्यवसाय खात्यात गेलीस आणि तुझ्या ताब्यात एक मत्स्यबीज केंद्र आलं, तर वर सांगितलेला ५० आणि ५ चा हिशेब तू तिथे रोज बदलू शकशील. अनुवंशशास्त्र येणारी अधिकारी ही माझ्या दृष्टीने हुकलेली शास्त्रज्ञ नाही. फक्त एक कर. परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन चार-चार वर्षं बसू नकोस. एम.एफ.एस्सी. करता करता दे, झालं तर उत्तम. वडिलांना भीती आहे ती तू मधेच लटकशील याची, आणि ती रास्त आहे.

शेवटी, आजपासून करता येईल असं एक काम देते. ते वडिलांशिवाय होणार नाही, म्हणूनच देते. महिन्यातून एकदा त्यांच्या जाळ्यात आलेल्या चिलापीतले शंभर मासे, मोठे-छोटे न निवडता जसे हाताला येतील तसे घे. लांबी आणि वजन लिही. मादीच्या तोंडात अंडी-पिल्लं असतील तर तेही लिही आणि केवढी मादी होती ते लिही. जाळ्याचा आस, म्हणजे जाळीच्या भोकाचं माप, किती, कुठल्या भागात लावलं होतं, पाणी किती होतं, हे वडिलांना विचार. दहा-पंधरा वर्षांपूर्वी केवढा मासा लागायचा तेही विचार आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. उजनीतला मासा लहान वयात विणायला लागलाय का, हा प्रश्न त्यांच्या मनात तुझ्या आधीपासून असणार.

लांबी मोजायला फुटपट्टी घेऊ नकोस. फळीला एका टोकाशी आडवी पट्टी ठोकून मापाची फळी कर, म्हणजे माशाचं तोंड दर वेळी एकाच जागी टेकेल. आणि शेपटीच्या टोकापर्यंत मोजलंस की शेपटी सुरू होते तिथपर्यंत, ते वहीच्या पहिल्या पानावर आधी लिहून ठेव.